कॉलेजच्या ई-सेलमध्ये जावं का? तीन वर्षं राहून लिहिलेला रिव्ह्यू

दरवर्षी जुलै-ऑगस्ट आला की ज्युनिअर पोरांचे मेसेज सुरू होतात, ताई ई-सेल जॉइन करू का, खरंच काही शिकायला मिळतं का, घरचे म्हणतायत अभ्यास सोडून हे काय. प्रत्येकाला थोडं थोडं सांगून अर्धवटच राहतं, म्हणून आज बसून सगळं लिहिते. लांब होईल, पण ज्याला ३०० रुपये मेंबरशिप आणि आपली दोन-तीन वर्षं द्यायची आहेत त्यानं वाचावं असं मला वाटतं.

आधी माझ्याबद्दल, म्हणजे कुठून बोलतेय ते कळेल. गाव तासगाव तालुक्यात, घरी द्राक्षबाग, मेकॅनिकल इंजिनिअरिंग सांगली जिल्ह्यातल्याच एका कॉलेजात केलं. कॉलेजचं नाव लिहीत नाही कारण काही तक्रारी पण लिहिणार आहे आणि तिथल्या सरांबद्दल मला आदर आहे. सेकंड इयरला ई-सेलमध्ये गेले, फायनलपर्यंत होते, एक वर्ष कमिटीत पण होते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ई-सेल म्हणजे आंत्रप्रेन्युअरशिप सेल, पोरांनीच चालवलेला उद्योजकतेचा क्लब. आपल्याकडं यासाठी बघितलं जातं ते आयआयटी बॉम्बेकडं, त्यांचा ई-सेल १९९८ चा, त्यांची युरेका ही बिझनेस आयडियाची स्पर्धा आणि दरवर्षीची ई-समिट (उद्योजकतेचा मोठा मेळावा) देशभरच्या पोरांना माहीत असते. पुढं २०१६ ला नवीन कंपन्यांसाठीची स्टार्टअप इंडिया ही केंद्राची योजना आली, २०१८ ला केंद्राच्या शिक्षण खात्यानं (तेव्हा मनुष्यबळ विकास मंत्रालय) कॉलेजांमध्ये इनोव्हेशन कौन्सिल काढायला लावल्या, मग काय, जिल्ह्याच्या गावातल्या कॉलेजात पण एक खोली, एक बोर्ड आणि एक कोऑर्डिनेटर सर असं चित्र तयार झालं. आमचा क्लब पण असाच. ग्रंथालयाच्या मागची खोली, दोन व्हाइटबोर्ड, एक प्रिंटर.

आता मुद्द्याचं. माझं मत असं झालंय की क्लबमध्ये तुम्ही अनोळखी माणसाला काहीतरी विकलं आणि त्याचा हिशोब लिहिला तर धंदा शिकता, बाकीचं सगळं कार्यक्रम करायला शिकणं आहे. कार्यक्रम करणं वाईट नाही, पण ते वेगळं शिक्षण आहे. आमच्या क्लबनं मला दोन्ही दाखवलं, पहिल्या वर्षी विकायला लावलं आणि दुसऱ्या वर्षी नुसते कार्यक्रम केले, म्हणून फरक इतका स्वच्छ दिसला.

पहिलं वर्ष सांगते, कारण तेच सगळ्यात भारी होतं. ऑगस्टमध्ये चार-पाच सेशन झाले. बिझनेस मॉडेल कॅनव्हास म्हणून नऊ चौकोनांचा एक कागद असतो, ग्राहक कोण, त्याला काय देणार, कसं पोचवणार, पैसे कुठून येणार, खर्च कुठं होणार वगैरे, तो भरायचा. सगळ्या ग्रुपनी ॲप लिहिले. कोणाचं हॉस्टेलचं ॲप, कोणाचं पार्किंगचं, आमचं शेतमजुरांचं. आमच्या सरांनी सगळे कागद बघितले आणि रागावले नाहीत, फक्त विचारलं की यातलं तुम्ही दिवाळीच्या आत काय विकू शकता. कोणाचाच हात वर नाही.

मग त्यांनी सारस सरस्वती या प्राध्यापक बाईंच्या अभ्यासाबद्दल सांगितलं. मूळ भारतीय, अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठात शिकवतात, त्यांनी मुरलेले उद्योजक निर्णय कसे घेतात हे बघितलं आणि त्यांना दिसलं की ही माणसं आधी मोठं ध्येय ठरवून मग साधनं गोळा करत बसत नाहीत. मी कोण, मला काय येतं, माझ्या ओळखीचं कोण आहे इथून सुरुवात करतात. आणि दुसरं म्हणजे किती फायदा होईल हे धरून चालत नाहीत, किती बुडालं तर चालेल हे आधी ठरवतात. हे ऐकून आमच्या चौघांच्या डोक्यात एकदम लख्ख उजेड पडला. माझ्याकडं काय आहे? बेदाणा! तासगावचा बेदाणा म्हणजे अख्ख्या देशात जातो, सांगलीच्या बेदाण्याला जीआय (त्या भागाच्या मालाची सरकारी ओळख) मिळालेलं आहे, माझ्या मामाचा माल कोल्ड स्टोरेजला पडलाय आणि मी मात्र शेतमजुरांचं ॲप काढत बसलेले.

बुडाले तर चालतील असे पैसे ठरवले, माणशी अडीच हजार, चौघांचे दहा हजार. त्याच्या वर एक रुपया घालायचा नाही.

मामाकडं गेलो. मला वाटलेलं मामा दोन बॉक्स असेच देईल. मामा म्हणाला, "नात्याला फुकट दिला की तुमचा हिशोबच खोटा होतो बघ. आजचा सौद्याचा भाव दे आणि घेऊन जा." तेव्हा थोडं वाईट वाटलं, आता वाटतं त्या वर्षातलं सगळ्यात चांगलं सेशन मामानं घेतलं. भाव १९० रुपये किलो, बॉक्स १५ किलोचा, दोन बॉक्स म्हणजे ३० किलो, ५७०० रुपये.

आता हिशोब सगळा लिहिते, कंटाळू नका, कारण हाच खरा रिव्ह्यू आहे.

पाव किलोची पाकिटं करायची ठरली. ३० किलोची १२० पाकिटं, ८० रुपयाला एक, ९६०० रुपये येणार, ५७०० गेले, ३९०० फायदा, असं आम्ही वहीत लिहून पार्टीचं ठिकाण पण ठरवलं. प्रत्यक्षात माल निवडायला बसलो तर काड्या, बारीक दाणे, दबलेले दाणे सगळं बाजूला काढून २८ किलो ५०० ग्रॅम राहिला. म्हणजे ११४ पाकिटं. घट हा शब्द मी घरी लहानपणापासून ऐकत आलेय, पण वहीत घट लिहायचा रकाना पहिल्यांदा त्या रात्री काढला.

पाऊच घ्यायला सांगलीत गेलो, दुकानदार ५०० च्या खाली द्यायला तयार नाही. साडेचार रुपयाचा एक, २२५० रुपये. स्टिकर ३००, तीन रुपयाला एक, ९०० रुपये. स्टिकरवर काय काय छापायला लागतं हे पण आम्हाला तेव्हाच कळलं, निव्वळ वजन, एमआरपी, पॅकिंगचा महिना-वर्ष, पॅक करणाऱ्याचं नाव-पत्ता, तक्रारीसाठी नंबर. आणि खायची वस्तू म्हणून एफएसएसएआयचं (अन्न सुरक्षेच्या सरकारी संस्थेचं) रजिस्ट्रेशन, आम्ही केलं तेव्हा वर्षाला १२ लाखांच्या आतल्या छोट्या धंद्याला १०० रुपये वार्षिक फी होती, ऑनलाइन होतं. सरांनी या बाबतीत अजिबात सूट दिली नाही, म्हणाले कॉलेजचा स्टॉल आहे म्हणून कायदा बदलत नाही. मला हे फार आवडलं. बऱ्याच कॉलेजात पोरं लेबल नसलेली पाकिटं विकतात आणि त्याला उद्योजकता म्हणतात. रिक्षा, एसटी, दोरी-टेप सगळं मिळून ४०० रुपये. सीलिंग मशीन एका मैत्रिणीच्या काकूंच्या पापड गटाकडून उसनं आणलं.

स्टॉल दिवाळीच्या आधी चार दिवस होता. ११४ पैकी पाच पाकिटं चव द्यायला फोडली. १०० रोख विकली. नऊ उधारीवर गेली, बहुतेक ओळखीच्यांना, नाही म्हणता आलं नाही.

म्हणजे हातात आले ८००० रुपये. आणि हातातून गेलेले किती? ५७०० माल, २२५० पाऊच, ९०० स्टिकर, १०० फी, ४०० प्रवास, एकूण ९३५०. तेराशे पन्नास रुपये कमी! जवळजवळ सगळी पाकिटं संपली, लोकांनी चांगलं म्हटलं, आणि डब्यातले पैसे घातलेल्या पैशांपेक्षा कमी. आम्ही चौघं त्या खोलीत गप्प बसलो होतो, एकीच्या डोळ्यात पाणी होतं.

मग सर बोर्डवर उभे राहिले आणि पुढचा दीड तास मला आजही आठवतो. ते म्हणाले, पाऊच किती उरलेत? ३८६. ते फेकून देणार का? नाही ना, मग तो खर्च झाला कसा, तो माल आहे, पडून आहे. वापरलेल्या पाऊचचाच खर्च धरा, ११४ गुणिले साडेचार, ५१३. स्टिकरचं तसंच, ३४२. आता पुन्हा मांडा. ५७०० अधिक ५१३ अधिक ३४२ अधिक १०० अधिक ४००, एकूण ७०५५. विक्री उधारीसकट ८७२०. म्हणजे फायदा १६६५. फायदा आहे पण पैसा नाही, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. पैसा कुठं गेला? पाऊच-स्टिकरमध्ये अडकला आणि उधारीत अडकला. आमच्या कॉमर्सवाल्या भावंडांना हे पुस्तकात असतं, याला वर्किंग कॅपिटल (धंदा फिरता ठेवायला लागणारा पैसा) म्हणतात हे पण माहीत असतं, पण १३५० रुपये कमी भरलेला डबा समोर असताना ते कळणं वेगळं.

उधारीतली तीन पाकिटं शेवटपर्यंत आली नाहीत, २४० गेले, फायदा उरला १४२५. आणि मग सरांनी शेवटचा प्रश्न विचारला, तुम्ही चौघांनी किती तास दिले? निवडणं, पॅकिंग, स्टॉल धरून माणशी वीस तास तरी झालेले. ८० तासांना १४२५ म्हणजे ताशी १८ रुपये पण पडत नाहीत. आमच्याकडं शेडवर बेदाणा निवडायला ज्या बायका येतात त्यांची मजुरी याच्यापेक्षा जास्त असते. त्या दिवसापासून घरी आई दिवसभर बागेत राबते त्याचा हिशोबात रकाना नाही हे मला दिसायला लागलं, आणि ते दिसलं की मग दिसतच राहतं.

अजून एक गोष्ट पहिल्या वर्षीची. स्टॉलच्या आधी सरांनी चौघांकडून एका पानावर लिहून घेतलं, कोणी किती पैसे घातले, कोण काय काम करणार, कोणी मधेच सोडलं तर त्याच्या पैशांचं काय. आम्हाला वाटलं मैत्रीत हे कशाला. पुढं आमच्यातला एक जण सबमिशनमुळं येईना झाला. पान नसतं तर भांडण नक्की होतं. पानावर लिहिलेलं होतं की मधेच सोडलं तर घातलेली रक्कम परत, फायद्यातला वाटा नाही. त्यानं ते मान्य केलं आणि तो आजही चांगला मित्र आहे. गावाकडं भावाभावांत बांधावरून, मोटरवरून जी भांडणं होतात त्यातली निम्मी एका पानानं वाचली असती असं मला तेव्हापासून वाटतं.

एवढं झाल्यावर मला वाटलेलं दुसऱ्या वर्षी याच्या पुढचं होईल. झालं उलटं. सर बदलून गेले, नवीन कमिटी आली (मी पण तिच्यात होते, त्यामुळं जबाबदारी माझी पण आहे) आणि सगळ्यांचं ठरलं की यंदा मोठी समिट करायची. आयआयटी बॉम्बेची नॅशनल आंत्रप्रेन्युअरशिप चॅलेंज म्हणून कॉलेजांच्या ई-सेलसाठी स्पर्धा असते, त्यात दिलेली कामं करून पॉइंट मिळवायचे असतात. स्पर्धा चांगली आहे, नवीन क्लबला वर्षभर काय करायचं याची दिशा मिळते. पण आमच्या क्लबनं ती घेतली ती पॉइंटासाठी. कार्यक्रम झाला की फोटो, फोटो झाला की रिपोर्ट, रिपोर्ट झाला की पुढचा कार्यक्रम. सप्टेंबर ते फेब्रुवारी मी स्पॉन्सरशिपचे मेल लिहिले, बॅनर छापून आणले, पाहुण्यांची गाडी ठरवली, टी-शर्टचे साइज गोळा केले. माझं बोलणं सुधारलं, अनोळखी माणसाला फोन करायची भीती गेली, हे खरं आणि ते मी नाकारत नाही. पण त्या सहा महिन्यांत आमच्या कमिटीतल्या एकाही पोरानं स्वतःची म्हणून एक वस्तू विकली नाही की एका ग्राहकाला नीट प्रश्न विचारला नाही.

समिटला जे वक्ते येतात त्यांच्याबद्दल पण बोलते. प्रेरणादायी भाषणानं दोन दिवस बरं वाटतं. पण माणूस शेवटच्या दिवसापासून मागं सांगतो, आणि ऐकणाऱ्याला मधली वर्षं दिसत नाहीत. ड्रोन बनवणारी आयडियाफोर्ज बघा, आयआयटी बॉम्बेच्या पोरांनी २००७ मध्ये कंपनी काढली, तिथल्याच साइन या इन्क्युबेटरमध्ये (नवीन कंपन्यांना जागा आणि मदत देणाऱ्या केंद्रात) वाढली, आणि शेअर बाजारात आली २०२३ ला. सोळा वर्षं. आमच्या पोस्टरवर शेवटचा आकडा असायचा, सोळा वर्षं कुठंच नसायची. मला वाटतं क्लबनं मधल्या वर्षातल्या माणसांना बोलवावं. आमच्याकडं सगळ्यात उपयोगी बोलले ते जिल्हा उद्योग केंद्रातले एक अधिकारी, हॉलमध्ये जेमतेम वीस पोरं होती. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात १५ ते ३५ टक्क्यांपर्यंत अनुदान कसं बसतं, स्वतःचे पैसे किती घालायला लागतात, बँक प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये नेमकं काय बघते आणि अर्ज कुठं अडकतात हे त्यांनी न सजवता सांगितलं. माझ्या चुलतभावानं त्याच माहितीवर पुढं अर्ज केला.

त्याच वर्षीची दुसरी मोठी तक्रार पैशांची. स्टॉलचे सगळे पैसे कॉलेजच्याच क्यूआरवर घ्यायचे असा नियम आला. पारदर्शकता म्हणून नियम बरोबर आहे, मी विरोधात नाही. पण दिवाळीच्या स्टॉलचे पैसे पोरांच्या हातात आले एप्रिलमध्ये. पंधराशे-दोन हजारावर धंदा शिकणाऱ्या पोराचं भांडवल सहा महिने अडकवलं तर तो दुसरी फेरी करणार कशी? दोन ग्रुपनी खरंच सोडून दिलं, त्यातला एक चकलीवाला ग्रुप फार चांगला होता, त्यांच्याकडं परत परत येणारी गिऱ्हाइकं होती. शिकवणारी जागाच जर उधारी थकवायला लागली तर पोरं त्यातून काय शिकणार.

आणि मुलींच्या पालकांनी, मुलींनी हे नीट वाचा. आमचं हॉस्टेलचं गेट ७ ला बंद व्हायचं. स्टॉल ४ ते ८. खरी गर्दी ६ नंतर, कारण तेव्हा आसपासचे लोक, सुटलेले कामगार, स्टाफची घरची माणसं येतात. म्हणजे मी आणि माझी मैत्रीण पाकिटं भरायच्या, निवडायच्या, पण ग्राहकाशी बोलायच्या वेळेला आम्ही हॉस्टेलमध्ये आणि गल्ल्यावर मुलं. पहिल्या वर्षी आम्ही सरांना घेऊन रेक्टर मॅडमकडं गेलो, त्यांनी लेखी घेऊन तिसऱ्या दिवसापासून साडेआठपर्यंत सोडलं. त्या दोन संध्याकाळी मी जेवढं शिकले तेवढं आधीच्या दोन महिन्यांत नाही. एक आजी आल्या होत्या, त्यांनी पाकीट हातात घेऊन विचारलं की एवढा हिरवा कसा, रंग घातलाय काय. मी त्यांना सांगितलं की आजी, उन्हात वाळवला की काळपट पडतो, आम्ही द्राक्षं डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवून शेडमध्ये रॅकवर सावलीत वाळवतो, चार किलो द्राक्षाचा एक किलो बेदाणा होतो, आणि पुढं कोल्ड स्टोरेजला ठेवतो म्हणून रंग टिकतो. आजींनी तीन पाकिटं घेतली, आणि शेजारी उभ्या दोघांनी पण. आमच्या स्टिकरवर मोठ्या अक्षरात प्रीमियम लिहिलं होतं, सावलीत वाळवलेला हे कुठंच लिहिलं नव्हतं. पुढच्या स्टिकरवर तेच लिहिलं. हे गल्ल्यावर उभं राहिल्याशिवाय कळलं नसतं, आणि मुलींना ७ ला आत घेतलं की त्यांच्या वाट्याला हे येतच नाही. परवानगीची पद्धत वर्षाच्या सुरुवातीलाच लेखी ठरवून घ्या, प्रत्येक वेळी विनंती करायला लागू नये.

फायनल इयरला मी कमिटी सोडली आणि ज्युनिअरच्या दोन ग्रुपबरोबर बसायला लागले. त्यातल्या एका ग्रुपची गोष्ट सांगायलाच पाहिजे.

त्यांना मिरजेच्या सतारींसाठी वेबसाइट काढायची होती. मिरजेत सतार-तंबोरे बनवणारी घराणी पिढ्यान्‌पिढ्या आहेत, सतारमेकर गल्लीच आहे, मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय पण मिळालं. पोरांचं म्हणणं, कारागिरांना मार्केट मिळत नाही, आपण ऑनलाइन मिळवून देऊ. मी त्यांना आमच्या पहिल्या सरांचा नियम सांगितला, आधी दहा माणसांना भेटा आणि तुमची आयडिया सांगू नका, त्यांना त्यांच्या कामाबद्दल विचारा. गेल्या महिन्यात काय अडचण आली, तेव्हा काय केलं, किती पैसे गेले. तुम्हाला वेबसाइट आवडेल का असं विचारलं तर सगळे हो म्हणतात, आपली माणसं मान ठेवतात, त्या हो वर धंदा उभा राहत नाही.

पोरं चार शनिवार मिरजेला गेली. परत आली ती वेगळीच होऊन. पंढरपूर भागातून येणारा भोपळा कसा निवडतात, महिनोन्‌महिने कसा वाळवतात, जवारी कशी काढतात, म्हणजे घोडीचा (तारा ज्यावर टेकतात त्या तुकड्याचा) पृष्ठभाग घासून घासून तारेचा आवाज कसा खुलवतात, आणि हे सगळं कानावर चालतं हे त्यांनी बघितलं. आणि अडचण विचारली तर तीन ठिकाणी एकच निघाली, ऑर्डर येतात, गाणारे-वाजवणारे एकमेकांना सांगून पाठवतात, पण लांब पाठवताना भोपळ्याला तडा गेला की सगळं गेलं. पोरांनी वेबसाइट बाजूला ठेवली आणि पॅकिंगवर काम सुरू केलं, आत फोम कसा बसवायचा, बॉक्स कुठल्या जाडीचा, भोपळ्याखाली आधार कसा द्यायचा. मेकॅनिकलची पोरं, त्यांना हे येतं! त्यांनी वर्कशॉपमध्ये तीन नमुने केले, एक बाद झाला, एक फार महाग पडला, तिसऱ्यातून एका कारागिरानं तंबोरा पाठवून बघितला आणि तो नीट पोचला. कंपनी निघाली नाही, स्पर्धेत नंबर आला नाही. पण मला विचाराल तर तीन वर्षांत क्लबमध्ये झालेलं सगळ्यात चांगलं काम ते होतं, आणि त्याचा एकही फोटो क्लबच्या बोर्डवर नाही याचं मला आजही वाईट वाटतं.

अभ्यासाचं काय, हा घरच्यांचा प्रश्न. माझा थर्ड इयरला, म्हणजे क्लबच्या दुसऱ्या वर्षी, एक विषय राहिला, तो समिटच्या धावपळीत, स्टॉलमुळं नाही. स्टॉल वर्षातून दोनदा, आधी-नंतरचे धरून पंधरा-पंधरा दिवस, तेवढं झेपतं. ज्यांचं खरंच काही उभं राहतंय त्यांच्यासाठी २०१९ चं विद्यार्थी आणि प्राध्यापकांसाठीचं राष्ट्रीय इनोव्हेशन आणि स्टार्टअप धोरण आहे, त्यात हजेरीत सवलत, मधे गॅप घेणं अशा तरतुदी कॉलेजांना सुचवलेल्या आहेत. तुमच्या कॉलेजनं ते स्वीकारलंय का हे ऑफिसात विचारा, आमच्याकडं फायनल इयरपर्यंत बहुतेक पोरांना हे माहीतच नव्हतं. कॉलेज संपल्यावर पुढचं शिकायचं असेल तर महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र आहे, एमसीईडी म्हणतात, १९८८ पासून चालू आहे, मुख्यालय छत्रपती संभाजीनगरला.

सर्टिफिकेटबद्दल लगेच सांगून टाकते. मला नोकरीच्या मुलाखतीत सर्टिफिकेट कोणी विचारलं नाही. पण बेदाण्याचा हिशोब मी सांगितला तेव्हा समोरचे पुढं सरकून ऐकायला लागले, आणि वीस मिनिटं त्यावरच बोलणं झालं. आता मी एका पंप बनवणाऱ्या युनिटमध्ये खरेदी विभागात आहे, सप्लायर कमीत कमी एवढे पीस घ्या म्हणतो तेव्हा मला ते ३८६ पाऊच आठवतात. (ते पुढं हळूहळू संपले, शेवटच्या वेळी एका कारखान्याची गिफ्टची ऑर्डर घेतली होती, निम्मे पैसे आगाऊ घेऊनच.)

तर रेटिंग. पहिल्या वर्षाला ५ पैकी ५. दुसऱ्या वर्षाला दीड, तो पण फोनवर बोलायची भीती गेली म्हणून. तिसऱ्याला ४. एकंदर साडेतीन. जा, पण कोणाकडं जाताय ते बघून जा. क्लब म्हणजे तो बोर्ड किंवा ती खोली नसते, त्या वर्षीचे कोऑर्डिनेटर आणि कमिटी असते, आणि ती दरवर्षी बदलते. चांगल्या सरांच्या वर्षात १४२५ रुपयांतून जे मिळालं ते दुसऱ्या वर्षी मोठ्या समिटमधून मिळालं नाही.

मेंबरशिपचं टेबल ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात जिन्याजवळ लावतात. ३०० रुपये देण्याआधी तिथं बसलेल्यांना विचारा, गेल्या वर्षी क्लबमधल्या किती जणांनी काहीतरी विकलं, आणि त्यातल्या एखाद्याची वही बघायला मिळेल का. वही असेल तर फॉर्म तिथंच भरा.